समजले की नाही, हे कसे समजावे?

पुढचे वाक्य वाचा आणि त्याखालील प्रश्नांची उत्तरे द्या.

'रिमट्या झुंबळाने काल बाजारात तीन तिबकी गुळमटली.'

प्रश्न १ : तिबकी कोणी गुळमटली?
प्रश्न २ : एकूण किती तिबकी गुळमटली?
प्रश्न ३ : ती कधी व कोठे गुळमटली?

तिन्ही उत्तरे आपल्याला अचूक देता येतात. पैकीच्या पैकी गुण! पण झुंबळ म्हणजे कोण, तिबकी खायची की पांघरायची, यातले काहीही आपल्याला कळलेले नाही. मराठी वाक्याची घडण आपल्या अंगवळणी पडलेली आहे. 'ने' हा प्रत्यय दिसला की कर्ता सापडतो. तेवढ्या भांडवलावर आपण 'उत्तीर्ण' झालो.

इंग्रजीच्या तासाला आपले अनेक विद्यार्थी नेमके हेच करत असतात. प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधायचा, तो जिथे सापडेल ते वाक्य उतरवून काढायचे. गुण मिळतात. उलट, एखादी मुलगी उतारा वाचून त्यातली गोष्ट मराठीत नीट सांगते. पण उत्तराचे इंग्रजी वाक्य तिला जुळवता येत नाही. तिला शून्य मिळते. दोन्हीकडे परीक्षेने चुकीची बातमी दिली. एकाला समजले नव्हते, त्याला समजले असे ठरले. दुसरीला समजले होते, तिला समजले नाही असे ठरले.

आकलन डोक्यात घडते. ते दिसत नाही आणि थेट मोजताही येत नाही. दिसते ते फक्त उत्तर. तापमान मोजायचे तर आपण पाऱ्याची उंची पाहतो, तसा हा प्रकार आहे. पण पारा तापमानाबरोबरच चढतो-उतरतो याची आपल्याला खात्री आहे. उत्तर आकलनाबरोबरच चढते-उतरते, याची खात्री कशी करायची? गेली शंभरहून अधिक वर्षे शिक्षक व संशोधक या प्रश्नाशी झटत आहेत. त्यांनी तयार केलेली साधने आपण रोज वापरतो. ती कुठून आली आणि प्रत्येक साधन खरोखर काय मोजते, हे पाहू या.

बारा तासांची परीक्षा

१९१३ साली केंब्रिज विद्यापीठाने परभाषिकांसाठी इंग्रजीची एक प्रावीण्य परीक्षा सुरू केली. ती एकूण बारा तासांची होती. इंग्रजीतून फ्रेंच किंवा जर्मनमध्ये भाषांतर, त्या भाषांतून इंग्रजीत भाषांतर व व्याकरण, निबंध, इंग्रजी साहित्य आणि ध्वनिशास्त्र अशा लेखी प्रश्नपत्रिका होत्या. तोंडी भागात श्रुतलेखन, मोठ्याने वाचन आणि संभाषण होते. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले.

या यादीत 'आकलन' नावाची वेगळी प्रश्नपत्रिका नाही, हे लक्षात घ्या. ज्याला भाषांतर जमले त्याला अर्थ कळला, आणि ज्याने ऐकलेले अचूक लिहिले त्याला ऐकलेले समजले, असे गृहीत धरले होते. हे गृहीतक अगदीच चुकीचे नाही. पण भाषांतर बिघडले, तर मूळ वाक्य समजले नव्हते की दुसऱ्या भाषेत नीट मांडता आले नाही, हे तपासणाऱ्याला कळत नाही. दोन गोष्टींची मोट एकाच गुणात बांधलेली असते.

गाय, वाघ, उंदीर, लांडगा

त्याच सुमारास अमेरिकेत वेगळाच प्रश्न ऐरणीवर आला होता. डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या दोघांनी १९१२ मध्ये हायस्कूलच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. एकाच उत्तरपत्रिकेला कोणी शंभरापैकी पन्नाशीच्या आसपास, तर कोणी नव्वदीच्या वर गुण दिले. भाषेत असे चालायचेच, असे कोणी म्हणेल म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिथली तफावत आणखी मोठी निघाली.

म्हणजे विद्यार्थ्याचा निकाल त्याच्या उत्तरावर कमी आणि उत्तरपत्रिका कोणाच्या टेबलावर गेली यावर जास्त अवलंबून होता! कॅन्सस राज्यातील फ्रेडरिक केली यांनी यावर एक उपाय काढला. १९१५ च्या सुमारास त्यांनी मूकवाचनाची एक चाचणी तयार केली. तिच्यातल्या एका प्रश्नात चार प्राण्यांची नावे होती : गाय, वाघ, उंदीर, लांडगा. शेतावर उपयोगी पडणाऱ्या प्राण्याच्या नावाभोवती रेघ काढायची. बहुपर्यायी प्रश्नाचा हा पहिल्या काही नमुन्यांपैकी एक मानला जातो. तपासणारा कोणीही असो, गुण तेवढेच. तपासायला वेळही फारसा लागत नाही. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने १७ लाखांवर जवानांची अशाच पद्धतीने चाचणी घेतली आणि हा प्रकार सर्वत्र पसरला.

तपासणीतला अन्याय दूर झाला, हा मोठाच लाभ होता. पण केलींचा प्रश्न पुन्हा पाहा. पूर्ण सूचना न वाचता ज्याने 'शेत' आणि 'गाय' एवढे दोनच शब्द ओळखले, त्याचेही उत्तर बरोबर येईल. सगळ्यांना सारखेच गुण देणारा प्रश्न आणि आकलन मोजणारा प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाचन म्हणजे विचार

आकलन म्हणजे नेमके काय, याकडे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मुलांच्या चुकांच्या वाटेने पाहिले. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातला एक उतारा असा होता : फ्रँकलिन नावाच्या गावी सात ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाने शाळेच्या प्रत्येक दिवशी हजर राहिलेच पाहिजे, अपवाद फक्त तीन. मूल फार आजारी असेल, घरात कोणाला संसर्गजन्य रोग झाला असेल, किंवा रस्ते बंद असतील.

या उताऱ्याचा मुख्य विषय कोणता, या प्रश्नाला काही मुलांनी 'फ्रँकलिन' असे उत्तर दिले. का? तो शब्द उताऱ्याच्या सुरुवातीलाच ठळकपणे येतो म्हणून. थॉर्नडाइक यांच्या लक्षात आले की या मुलांना शब्द वाचता येतात. चूक वेगळ्याच ठिकाणी होते. एखादा शब्द मनात अवास्तव मोठा होतो आणि बाकीचे शब्द त्याच्या सावलीत जातात. 'असेल तरच', 'शिवाय', 'किंवा' असे छोटे शब्द तर गळूनच पडतात. म्हणून त्यांनी म्हटले की परिच्छेद समजणे हे गणित सोडवण्यासारखे आहे. योग्य घटक निवडायचे, त्यांचे परस्परसंबंध लावायचे आणि प्रत्येकाला योग्य तेवढेच वजन द्यायचे.

वर्गातल्या चुकीच्या उत्तरावर आपण फुली मारतो आणि पुढे जातो. थॉर्नडाइक फुलीपाशी थांबले. कोणता शब्द मुलाला भारी पडला, असे त्यांनी विचारले. हा प्रश्न विचारायला ना यंत्र लागते, ना छापील चाचणी.

ढाक्यातला हिशेब

आपल्या उपखंडातही याच काळात एक महत्त्वाचे काम झाले. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ काम करत होते. बंगालमधील द्विभाषिकतेवरचा त्यांचा अहवाल १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी विमा व्यवसायातली एक कल्पना शाळेला लावली. पॉलिसी मध्येच सोडली तर जी रक्कम हाती पडते तिला 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणतात. वेस्ट यांचा प्रश्न होता : बहुतेक मुले शाळा मध्येच सोडतात. मग दोन-तीन वर्षे इंग्रजी शिकून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती काय राहते?

बोलणे, लिहिणे, व्याकरण आणि वाचन या सगळ्यांचा थोडाथोडा पाया घालत बसलो, तर अर्ध्यावर सुटलेल्या मुलाच्या हाती काहीच उरत नाही. अर्धवट पायावर कोणी राहू शकत नाही. पण सुरुवातीपासून वाचून समजण्यावर भर दिला, तर त्याला निदान सोपी पुस्तके वाचता येतील. म्हणून वेस्ट यांनी मोजक्या शब्दसंख्येची क्रमिक वाचनमाला तयार केली. सगळ्या मुलांना आधी वाचनच शिकवावे का, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण समजण्याची क्षमता ही लिहिण्या-बोलण्याच्या क्षमतेहून वेगळी आहे आणि तिला स्वतःची किंमत आहे, हा त्यांचा मुद्दा आजही आपल्या उपयोगाचा आहे.

पेन्सिलीतून वाहणारी वीज

मिशिगन राज्यातील रेनॉल्ड जॉन्सन हे हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत. लहानपणी त्यांनी एक खोडी केली होती. बहिणींना भेटायला येणाऱ्या तरुणांच्या मोटारींच्या स्पार्क प्लगवर ते बाहेरून पेन्सिलीच्या रेघा ओढून ठेवत. पेन्सिलीतले ग्राफाइट विजेचे वाहक असल्याने ठिणगीसाठी लागणारी वीज त्या रेघेवरून निसटे आणि गाडी सुरू होत नसे!

मोठेपणी, उत्तरपत्रिका तपासताना, हीच गोष्ट त्यांच्या कामी आली. विद्यार्थ्याने योग्य पर्यायावर पेन्सिलीची खूण केली असेल तर तिच्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह जाईल. जितक्या खुणा बरोबर तितका एकूण प्रवाह जास्त. आणि तो मोजणाऱ्या काट्यावर थेट गुण वाचता येतील. आयबीएम कंपनीने ही कल्पना विकत घेतली, जॉन्सन यांना नोकरी दिली आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस '८०५' क्रमांकाचे गुणदान यंत्र बाजारात आणले. पुढे १९५६ मध्ये संगणकाची पहिली हार्ड डिस्क तयार करणाऱ्या गटाचे प्रमुखही हेच जॉन्सन होते. १९५० च्या दशकात आयोवा विद्यापीठातील ई. एफ. लिंडक्विस्ट यांनी विजेऐवजी प्रकाशाने खुणा वाचणारे यंत्र बनवले. आज आपल्याकडील स्पर्धा परीक्षांत जी गोल काळे करण्याची उत्तरपत्रिका असते, तिचे हे पूर्वज.

यंत्र आले तसा प्रश्नांवर त्याचा ठसा उमटला. यंत्राला खूण वाचता येते, वाक्य वाचता येत नाही. साहजिकच ज्यांची उत्तरे खुणेने देता येतात असे प्रश्न वाढले आणि 'असे का झाले असावे?' हा प्रश्न मागे पडला.

गाळलेला पाचवा शब्द

१९५३ साली विल्सन टेलर यांनी एक साधी पण चतुर युक्ती मांडली. कोणताही उतारा घ्या, त्यातला ठरावीक अंतरावरचा, उदाहरणार्थ दर पाचवा शब्द काढून टाका आणि वाचणाऱ्याला त्या जागा भरायला सांगा. अर्धवट वर्तुळ दिसले तरी आपले मन ते पूर्ण करून पाहते. मनाच्या या पूर्ततेच्या प्रवृत्तीवरून टेलर यांनी या पद्धतीला 'क्लोझ' हे नाव दिले. मुळात एखादा मजकूर वाचकांना किती सोपा जातो, हे मोजण्यासाठी ती होती. पुढे ती वाचकांची चाचणी झाली.

आपल्या नेहमीच्या 'रिकाम्या जागा भरा'पेक्षा ही वेगळी आहे. तिथे आपण मुद्दाम महत्त्वाचा शब्द गाळतो आणि तो पाठ असावा अशी अपेक्षा करतो. इथे शब्द आपोआप गळतात. 'यंदा पाऊस लांबला. विहिरीतले ___ आटले आणि गावाला टँकरने ___ आणावे लागले.' या जागा भरायला पुढचे-मागचे दोन्ही पाहावे लागते. व्याकरणही हवे आणि दुष्काळाचे भानही हवे. मात्र काही जागा केवळ शेजारच्या शब्दांवरूनच भरता येतात, त्यामुळे संपूर्ण उताऱ्याचा आशय कळला असे यावरून म्हणता येत नाही.

कानांची परीक्षा

आतापर्यंत सारी चर्चा डोळ्यांनी वाचण्याची झाली. ऐकण्याची गोष्ट अधिक अवघड आहे. छापील ओळीकडे परत जाता येते. बोललेले वाक्य हवेत विरून जाते. छपाईत शब्दांमध्ये मोकळी जागा असते. बोलण्यात ती नसते. आपल्या मुलांना अडचण येते ती इथेच. वहीत ओळखीचे असलेले शब्द सलग बोलण्यात ओळखू येत नाहीत.

ऐकण्याची परीक्षा मोठ्या प्रमाणावर घेता आली ती ध्वनिफितीमुळे, कारण सगळ्यांना तोच आवाज त्याच वेगाने ऐकवता येऊ लागला. १९६१ मध्ये रॉबर्ट लाडो यांचे भाषा-चाचण्यांवरचे पुस्तक आले. भाषेचे सुटे घटक एकेक करून तपासावेत, असा त्यांचा आग्रह होता. ऐकणाऱ्याला 'शिप' आणि 'शीप' यांतला फरक कळतो का, हे पाहायचे. १९६४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी 'टोफेल' ही परीक्षा सुरू झाली, तिच्यात श्रवणाचा स्वतंत्र भाग होता. सुटे ध्वनी ओळखणे म्हणजे बोलणे समजणे नव्हे, हे हळूहळू पटत गेले आणि पुढे संवाद, व्याख्याने यांना महत्त्व आले.

हायस्कूलच्या मुलांची श्रवणपरीक्षा देशपातळीवर कशी घेतात, हे पाहायचे तर कोरियाकडे पाहावे. दक्षिण कोरियाची महाविद्यालय प्रवेशपरीक्षा १९९३ मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या इंग्रजीच्या ४५ प्रश्नांपैकी १७ श्रवणाचे असतात. नोव्हेंबरमधल्या त्या दुपारी, श्रवणाचा भाग चालू असताना, सुमारे ३५ मिनिटे देशातल्या विमानांची उड्डाणे आणि उतरणे थांबवले जाते. एवढा आटापिटा कशासाठी? ज्या केंद्रावरून विमान गेले तिथल्या मुलाचा एक शब्द हुकला, तर ती परीक्षा त्याच्या कानांची न राहता त्याच्या नशिबाची होईल म्हणून.

जपानमध्ये अनेक वर्षे राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेत उच्चाराचे प्रश्नही कागदावरच विचारले जात. कोणत्या शब्दात आघात कुठे येतो, ते न ऐकता, न बोलता ओळखायचे! २००६ मध्ये तिथे श्रवणाची परीक्षा आली आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात स्वतंत्र छोटे ध्वनियंत्र दिले गेले. २०२१ पासूनच्या नव्या परीक्षेत वाचनाला १०० आणि श्रवणाला १०० असे समान गुण आहेत आणि कागदावरचे उच्चाराचे प्रश्न गेले आहेत.

कोरियाच्या श्रवणपरीक्षेतली आणखी एक गोष्ट आपण टिपून ठेवण्यासारखी आहे. संवाद इंग्रजीत असतो. पण प्रश्न कोरियन भाषेत असतात आणि काही प्रश्नांचे पर्यायही. ऐकलेले इंग्रजी समजले का, एवढेच तिथे पाहायचे असते. मग प्रश्नाच्या इंग्रजीची आडकाठी कशाला?

याच परीक्षेने एक धडाही दिला आहे. खासगी शिकवण्यांचा खर्च कमी व्हावा म्हणून तिथल्या सरकारने २०१० मध्ये ठरवले की परीक्षेतले सुमारे ७० टक्के प्रश्न सार्वजनिक शैक्षणिक वाहिनीच्या पुस्तकांशी जोडलेले असावेत. हेतू उत्तम होता. पण इंग्रजीचे उतारे त्या पुस्तकांतून जसेच्या तसे येऊ लागले, तेव्हा अनेक विद्यार्थी त्यांची कोरियन भाषांतरेच पाठ करू लागले. उताऱ्याची पहिली ओळ ओळखली की झाले. इंग्रजी वाचायची गरजच नाही. अखेर नियम बदलावे लागले. २०२१ च्या परीक्षेपासून हे प्रमाण ५० टक्क्यांवर आणले गेले आणि इंग्रजीत पुस्तकातला उतारा जसाच्या तसा देणे बंद झाले. आपल्याकडचे गाइड आणि 'अपेक्षित' प्रश्नसंच आठवले, तर नवल नाही.

आजीचा पोशाख

समजा उतारा नवा आहे, प्रश्नही चांगले आहेत. मग तरी आकलनच मोजले जाते का? १९७९ मध्ये मार्गारेट स्टेफन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. भारतीय आणि अमेरिकी प्रौढांना दोन पत्रे वाचायला दिली. एकात भारतीय लग्नाचे, तर दुसऱ्यात अमेरिकी लग्नाचे वर्णन होते. प्रत्येकाने आपल्याकडच्या लग्नाचे पत्र अधिक वेगाने वाचले आणि त्यातले जास्त लक्षात ठेवले. अमेरिकी वधूने आजीच्या लग्नातला पोशाख घातला होता. तिकडे ती अभिमानाची, जिव्हाळ्याची परंपरा आहे. एका भारतीय वाचकाने मात्र पोशाख जुनाट आणि फॅशनबाह्य होता, असा अर्थ काढला. त्याचे इंग्रजी कच्चे नव्हते; त्याला ते लग्न अनोळखी होते.

१९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात 'कच्ची' ठरलेली पण बेसबॉल चांगला जाणणारी मुले, वाचनात 'पक्की' पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणजे उताऱ्याचा विषय बदलला की हुशार आणि ढ यांची अदलाबदल होऊ शकते. ऊसतोडणीच्या उताऱ्यावर आणि विमानतळाच्या उताऱ्यावर एकाच वर्गातल्या मुलांचे क्रमांक सारखे लागतील का? आपण 'याचे इंग्रजी कच्चे' असा शेरा मारतो, तेव्हा पुष्कळदा तो शेरा मुलाने काय पाहिले आहे आणि काय पाहिलेले नाही यावरचा असतो.

आपल्या वर्गात

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत मूल दहा वर्षे ही भाषा ऐकते-वाचते. वेस्ट यांच्या भाषेत, त्याच्या हाती शेवटी काय राहते, हे आपल्याला कळायला हवे. त्यासाठी वरील इतिहासातून निघणाऱ्या चार साध्या कसोट्या आपल्या प्रश्नपत्रिकेला लावून पाहता येतील.

१. उतारा झाकून फक्त प्रश्न द्या. पर्यायी प्रश्नांची उत्तरे बऱ्याच मुलांना तरीही आली, तर ते प्रश्न उताऱ्यावरचे नाहीत. सामान्य ज्ञानाचे आहेत.

२. उताऱ्यातली नावे आणि क्रियापदे बदलून निरर्थक शब्द घाला. तरीही उत्तर देता येत असेल, तर तो प्रश्न शब्द शोधण्याचा आहे. असे प्रश्न असू द्यावेत, पण तेवढेच नसावेत.

३. आकलनाच्या काही प्रश्नांची उत्तरे मराठीत, चित्राने किंवा कृतीने देऊ द्या. इंग्रजी सूचना ऐकून नकाशावर रस्ता काढायला सांगा. रस्ता बरोबर निघाला तर सूचना समजल्या. इंग्रजी लेखनाचे गुण वेगळ्या प्रश्नात द्या.

४. ऐकवण्यासाठी आपलाच एक आवाज पुरेसा नाही. मुले आपल्या आवाजाला आणि वेगाला सरावलेली असतात. दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकांचा आवाज मोबाइलवर मुद्रित करून तो ऐकवता येईल. एकदा ऐकवा, उत्तरे घ्या, पुन्हा ऐकवा आणि उत्तरे दुरुस्त करू द्या. दोन वेळांतला फरक पुष्कळ काही सांगून जातो.

पुढच्या चाचणीनंतर ज्या मुलांना सर्वांत कमी गुण मिळाले त्यांच्यापैकी दोघा-तिघांना जवळ बसवून तोच उतारा मराठीत सांगायला सांगावा. कोणाला शब्द अडले, कोणाला 'अनलेस'सारखा एखादा छोटा शब्द निसटला, कोणाला विषयच अनोळखी होता, आणि कोणाला सगळे समजूनही लिहिता आले नाही, हे दहा मिनिटांत कळेल. या चौघांना उपाय चार वेगळे लागतात. गुणपत्रिकेवर मात्र त्यांचा आकडा एकच असतो.